वाट आधी, बाबागाडी नंतर

घरात बाळ येणार म्हटलं की बाबागाडीची चौकशी सुरू होते. कोणती चांगली, असं बहिणीला विचारलं जातं, ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारलं जातं, दुकानदाराला तर विचारलं जातंच. प्रत्येक जण आपल्याला मानवलेल्या गाडीचं नाव सांगतो आणि ते मनापासून सांगतो. पण सांगणारी ठाण्यातल्या मोठ्या संकुलात राहते; लिफ्टमधून उतरलं की तिच्यापुढे गुळगुळीत, वाहनं नसलेला रस्ता असतो. ऐकणारी पुण्यात सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की दुचाकींची रांग. पहिलीला रोज उपयोगी पडणारी गाडी दुसरीच्या घरी महिन्याभरात जिन्याखाली जाते आणि तिच्यावर रद्दी साठत राहते.

यात नुसते पैसे वाया जात नाहीत. गाडी जिन्याखाली गेली की बाळाचं बाहेर पडणं कमी होतं आणि आईचंही. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत अर्धा तास मोकळ्या हवेत चालायला मिळणं ही आईची खरी गरज असते. ते चालणं एका न जमणाऱ्या गाडीपायी बंद पडावं, ही मला फार वाईट गोष्ट वाटते. म्हणून या प्रश्नाचा आढावा गाड्यांच्या नावांपासून न घेता चालण्यापासून घेतलेला बरा. कोण चालतं, कुठून कुठे, किती वेळ, आणि त्या वाटेत सगळ्यात अडचणीची जागा कोणती? माझ्या मते गाडी निवडायची ती वाटेतल्या सगळ्यात वाईट पन्नास पावलांसाठी. उरलेल्या वाटेवर बहुतेक कोणतीही गाडी चालते.

ही पन्नास पावलं घरोघरी वेगळी. कुणाची ती घराच्या जिन्यावरच असतात. कुणाची सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत, जिथे पदपथ संपतो आणि रिक्षा, हातगाडी, उभ्या मोटारी यांच्यामधून वाट काढावी लागते. कुणाची ती रिक्षात चढण्याची असतात, एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात घडी न होणारी गाडी. आणि इथे रविवारची वाट डोळ्यांसमोर धरू नये. दुकानात उभं राहिलं की आपल्याला मरीन ड्राइव्ह आठवतं, शिवाजी पार्कचा कट्टा आठवतो, रंकाळ्याचा काठ किंवा मिरामारची संध्याकाळ आठवते. तिथे जाणं होतं महिन्यातून एकदा. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता बाळाला घेऊन कोण कुठे जातं, हे आठवून गाडी पाहावी.

बाजारात दिसणारे गाड्यांचे प्रकार असेच कुणाच्या ना कुणाच्या चालण्यातून जन्मले आहेत. १७३३ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम केंट या उद्यानरचनाकाराने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी गाडी बनवली, ती बकरीने किंवा तट्टाने ओढायची होती; प्रशस्त बागेतल्या फेरफटक्यासाठी ती ठीकच होती. १८८९ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम रिचर्डसन यांनी बाळाची टोपली उलटसुलट फिरवता येईल अशा गाडीचं पेटंट घेतलं, आणि ढकलणाऱ्याचं तोंड बाळाला दिसू लागलं. पण आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठं पाऊल १९६५ चं. ओवेन मॅक्लारेन हे विमानांच्या सांगाड्यावर काम केलेले निवृत्त इंजिनिअर. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या जोडणीत त्यांचा हात होता. मुलगी नातवंडाला घेऊन प्रवासाला आली तेव्हा जड गाडीने तिची किती ओढाताण होते हे त्यांनी पाहिलं आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम पावणेतीन किलोची गाडी तयार केली. आज आपल्याकडे साध्या दुकानात टांगलेल्या हलक्या गाड्या त्याच घराण्यातल्या. १९८४ मध्ये फिल बेकलर यांना मुलाला घेऊन पळायला जायचं होतं. त्यांनी सायकलची चाकं लावून तीनचाकी धावगाडी बनवली. १९९९ मध्ये मॅक्स बारेनब्रुख यांची बुगाबू नेदरलँड्समध्ये आली, शहरातल्या फरशीवर आणि मातीच्या वाटेवर दोन्हीकडे चालावी म्हणून. आणि २०१२ मध्ये आलेल्या बेबीझेन योयोने सुमारे सहा किलोची गाडी ५२ × ४४ × १८ सेंटिमीटरच्या घडीत बसवली. विमानातल्या सामानाच्या कप्प्यात मावण्यासाठी केलेली ही घडी आपल्या रिक्षातही मावते.

थोडक्यात, प्रत्येक गाडीत तिच्या कर्त्याची वाट दडलेली असते. ती वाट आपली नसेल तर गाडी कितीही महाग असो, ती आपल्याला त्रास देणार.

आता चाकांकडे येऊ, कारण आपल्या रस्त्यांवर खरा निकाल चाकं लावतात. लहान चाक अडथळ्यावर अडतं हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक असतं. किती अडतं याचा हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. समजा पदपथावरचा एक पेव्हर ब्लॉक खचला आहे आणि पुढच्याची कड तीन सेंटिमीटर वर आली आहे. चाकाचा व्यास १५ सेंटिमीटर असेल, आणि हलक्या गाड्यांचा साधारण एवढाच असतो, तर नुसतं पुढे ढकलून ती कड चढायला त्या चाकावरच्या भारापेक्षा एक-तृतीयांश जास्त जोर लावावा लागतो. चाक ३० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर भाराच्या पाऊणपट जोर पुरतो. म्हणजे मोठ्या चाकाला लागणारी ढकल जवळपास निम्मी. आणि कडेची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी झाली की नुसत्या ढकलीने चाक चढतच नाही, जोर कितीही लावा. पदपथाची कड जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर उंच असावी असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सूचना पाळलेल्या पदपथावरसुद्धा, जिथे उतार केलेला नाही तिथे, ३० सेंटिमीटरच्या चाकाची दणकट गाडीही मागच्या चाकांवर तोलून, पुढची चाकं उचलूनच चढवावी लागते.

म्हणून गाडी मागे किती सहज झुकते हे चाकाच्या आकाराइतकंच महत्त्वाचं. एकसंध आडवी दांडी असलेली गाडी एका तळहाताने खाली दाबून पुढून उचलता येते. छत्रीगाडीला दोन स्वतंत्र मुठी असतात. तिला दोन्ही हात लागतात, आणि एका हाताने ढकलली तर ती एका बाजूला ओढ घेते. आपल्याकडे दुसरा हात मोकळा कधी असतो? त्या हातात मोठ्या मुलाचं बोट असतं, पावसाळ्यात छत्री असते, नाहीतर भाजीची पिशवी. ज्या घरातून चालत बाजारहाट होतो त्यांनी एकसंध दांडी सोडू नये, मग गाडी किलोभर जड झाली तरी चालेल.

हवा भरलेल्या रबरी टायरची चाल सगळ्यात मऊ. तळजाई किंवा वेताळ टेकडीच्या पायथ्याच्या मातीच्या वाटेवर, माथेरानच्या तांबड्या रस्त्यांवर ती लगेच कळते. पण बाभळीचा एक काटा पुरतो. अशी गाडी घ्यायचीच असेल तर टायरवर छापलेलं माप वाचावं. साडेबारा इंची असेल तर लहान मुलांच्या सायकलची ट्यूब त्याला बसते आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला काम करून देतो. बाकीच्यांनी भरीव पण मऊ फोमचे टायर पाहावेत. गुळगुळीत कडक प्लॅस्टिकची चाकं मॉलच्या फरशीवर छान पळतात. सिमेंटच्या खरबरीत रस्त्यावर त्यांचा खडखडाट होतो आणि झोपलेलं बाळ दचकून उठतं. पुढची चाकं गरगर फिरणारी हवीत, पण खडीवर ती आडवी होऊन अडकतात, म्हणून त्यांना सरळ ठेवणारी खिट्टी आहे का तेही बघावं.

रुंदीचाही प्रश्न आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या त्याच सूचनांनुसार निवासी भागातल्या पदपथावर अडथळ्यांविना किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आपल्या शहरांत तेवढी जागा सलग मिळते ते रस्ते मोजकेच. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा नव्याने केलेला पदपथ हे त्यातलं चांगलं उदाहरण. तिथे बाबागाडी, काठी टेकत जाणारे आजोबा आणि घोळक्याने चालणारी कॉलेजची मुलं एकमेकांना न अडवता जातात. उलट मुंबईत दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथांच्या तोंडाशी रोवलेले खांब इतके जवळजवळ आले की व्हीलचेअरच जाईना, आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. व्हीलचेअर जिथून जाते तिथून बाबागाडी जाते. या दोन गटांनी एकत्र बोललं तर महापालिकांना ऐकावं लागेल, असं मला नेहमी वाटतं. तोवर, गाडी घेण्याआधी आपल्या वाटेवरच्या अरुंद जागा मोजपट्टीने मोजाव्यात. सोसायटीचं छोटं फाटक, लिफ्टचं दार, जुन्या इमारतीतली जाळीच्या दाराची लिफ्ट. एका बाळाच्या गाड्यांत ४५ सेंटिमीटर रुंदीच्याही आहेत आणि ६० च्याही. जुळ्यांची शेजारी-शेजारी बसायची गाडी ७५ च्या आसपास जाते आणि बऱ्याच लिफ्टच्या दारात अडते. जुळ्यांच्या आईवडिलांनी तर हे माप खिशात घेऊनच दुकानात जावं.

यानंतर वजन. जाहिरातीतलं वजन कधीकधी छत आणि कठडा काढून दिलेलं असतं, हे ध्यानात ठेवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे एक वर्षाच्या मुलाचं मध्यम वजन ९.६ किलो आणि मुलीचं ८.९ किलो. दोन वर्षांच्या मुलाचं १२.२. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून उतरताना सात किलोची गाडी आणि नऊ किलोचं बाळ मिळून सोळा किलो होतात, वर पाण्याची बाटली, दुपटी आणि लंगोटांची पिशवी. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ हलकं असलं तरी सिझेरियन झालेल्या बाईला असं ओझं उचलूच देऊ नये. अशा घरांत दोन मार्ग असतात: एकतर गाडी खाली, जिन्याखाली साखळीकुलुपाने बांधून ठेवायची आणि वर-खाली फक्त बाळाला न्यायचं, नाहीतर पाच किलोच्या आतली, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली गाडी घ्यायची. पहिला मार्ग मला जास्त व्यवहार्य वाटतो, कारण मग गाडी चांगल्या चाकांची घेता येते. त्यासाठी सोसायटीच्या सभेत जिन्याखालची जागा मागून घ्यावी लागते, वॉचमनला सांगून ठेवावं लागतं आणि धुळीसाठी एक कव्हर शिवून घ्यावं लागतं. एवढी खटपट केलेल्या घरांत गाडी खरोखर वापरली जाते. बाळासकट गाडी उचलून जिना उतरू मात्र नये. पाय घसरला तर दोन्ही हात गुंतलेले असतात.

घडी हा वजनाचाच पुढचा भाग. छत्रीगाडी मिटली की मीटरभर लांबीची काठी होते. मोटारीच्या डिकीत तिरकी बसते, रिक्षात मात्र बाहेर डोकावते किंवा मांडीवर आडवी घ्यावी लागते. तीन घड्यांची चौकोनी गाडी पायांशी उभी राहते. स्कूटरवरून फिरणाऱ्या घराने गाडी सोबत न्यायचा विचारच करू नये. त्यांची बाबागाडी ही सोसायटीपुरती, आणि त्या कामाला मध्यम वजनाची, आरामशीर गाडीच बरी. पुणे आणि मुंबईच्या मेट्रो स्थानकांत लिफ्ट आहेत, त्यामुळे मेट्रोच्या वाटेवर राहणाऱ्यांना घडी न करताही प्रवास जमतो. सरकत्या जिन्यावर गाडी नेऊ नये, हे तिथे लिहिलेलं असूनही लोक नेतात. ते टाळायलाच हवं. मुंबईची लोकल आणि एसटी यांत गाडी उघडी नेण्याचा प्रश्नच येत नाही. जपानमध्येही गर्दीच्या गाड्यांत बाबागाडी न्यावी की नाही यावर वर्षानुवर्षं कुरबुर चालली होती. शेवटी २०१४ मध्ये तिथल्या वाहतूक मंत्रालयाने सगळ्या रेल्वे आणि बससेवांसाठी एकच खूण ठरवली आणि गाडी न मिटता नेता येईल असं जाहीर केलं. तिकडे हलक्या गाड्यांची पैदास मोठी आहे ती याच रेल्वेच्या सवयीमुळे.

आता एक मुद्दा, जो दुकानात जवळजवळ कुणीच काढत नाही. आपल्याकडे गाडी ढकलतं कोण? जाहिरातीत तरुण जोडपं असतं. संध्याकाळी कुठल्याही सोसायटीत खाली उतरून पाहा: आजी, आजोबा आणि बाळ सांभाळणाऱ्या मावशी. आईबाबा अजून ऑफिसातून यायचे असतात. मग गाडी बाबांच्या उंचीने निवडून कसं चालेल? दांडी साधारण कोपराच्या उंचीला किंवा किंचित खाली असावी, म्हणजे खांदे वर येत नाहीत आणि कंबर वाकत नाही. पाच फुटांच्या आजी आणि सहा फुटांचे बाबा अशी जोडी असेल तर उंची बदलता येणारी दांडी ही चैन ठरत नाही. आजींच्या गुडघ्यांना वाकायला त्रास होतो, म्हणून ब्रेक पायाने सहज लागणारा आणि चपलेनेही सुटणारा हवा. काही ब्रेक वरच्या बाजूला बोटं घालून उचलावे लागतात, ते उघड्या पायाला लागतात. घडी करायची युक्ती बाबांना एकदा पाहून येते, पण मावशींना ती रोज करायची असते. म्हणून शक्य असेल तर गाडी घेताना जी व्यक्ती ती सगळ्यात जास्त ढकलणार आहे, तिलाच सोबत न्यावं आणि तिचा शब्द शेवटचा मानावा. मॅक्लारेन यांनी त्यांची गाडी नातवंडासाठीच बनवली होती, हे मला या संदर्भात फार आवडतं.

बाळाच्या बाजूनेही काही गोष्टी अटळ आहेत. पहिल्या सहा महिन्यांत मान आणि पाठ सावरलेली नसते. त्या वयात गाडीत बाळ सपाट झोपवता आलं पाहिजे. पाठीची गादी नुसती थोडी कलंडणं पुरत नाही. ज्यांना सहाव्या महिन्यानंतरच गाडी वापरायची आहे त्यांनी सपाट होणाऱ्या जड गाडीवर पैसे खर्च करायची गरज नाही. आपल्याकडे बाळंतीण आणि बाळ बराच काळ घरातच असतात, तेव्हा बऱ्याच घरांना हे लागू पडतं. मोटारीतल्या बेबीसीटची टोपली काढून गाडीच्या सांगाड्यावर बसवायची सोय काही संचांत असते. ती थोड्या अंतरापुरतीच. त्या वाकलेल्या स्थितीत बाळाला तासन्तास झोपू देऊ नये. पळायची तीनचाकी गाडीसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी नव्हे.

बाळाचं तोंड कुठे असावं? २००८ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुझान झीडिक यांनी ब्रिटनच्या रस्त्यांवर गाडी ढकलणाऱ्या अडीच हजारांहून अधिक जोड्यांची पाहणी केली. बाळ आपल्याकडे तोंड करून असेल तर पालक त्याच्याशी बोलत असण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त असतं, असं त्यात दिसलं. वर्षभरापर्यंतच्या बाळासाठी मी हा मुद्दा चाकांच्या खालोखाल मानते. आजी चालता चालता बडबडगीत म्हणते, ते म्हणताना तिचे ओठ बाळाला दिसले पाहिजेत. शिवाय आपल्या रस्त्यांवर समोरून हॉर्न, कुत्री, हेडलाइट असं सगळं अंगावर येत असताना ओळखीचा चेहरा समोर असणं बाळाला धीर देतं. दीड वर्षाचं मूल मात्र स्वतःच पुढे बघायला धडपडतं. दोन्हीकडे फिरणारी बैठक जड आणि महाग असते. हलक्या गाड्यांत ती क्वचित. काही गाड्यांत बैठक तशीच ठेवून नुसती दांडी पलीकडे उलटवायची सोय असते, तो स्वस्तातला मधला मार्ग आहे. फक्त दांडी उलटवल्यावर गरगर फिरणारी चाकं तुमच्या बाजूला येतात आणि वळवणं अवघड होतं, हे चालवून बघावं.

ऊन, पाऊस आणि धूर यांचा विचार आपल्याला युरोपापेक्षा जास्त करावा लागतो. ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटं टाकून ती पुरती झाकायची पद्धत सर्रास दिसते. ती घातक आहे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मोजून पाहिलं तर कोरड्या मलमलीच्या कापडाने झाकलेल्या गाडीत तापमान सुमारे अडीच अंशांनी वाढलं. तेच कापड ओलं करून सोबत छोटा पंखा लावला तर सुमारे पाच अंशांनी उतरलं. नागपूर, अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या कापडाची युक्ती चालेल, कारण पाणी झपाट्याने उडतं. मुंबई, पणजीच्या दमट हवेत तिचा तेवढा उपयोग होणार नाही. तिथे मोठं छत, पाठीला जाळी, आणि भर दुपारी बाहेर न पडणं हाच उपाय. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कोणतीच गाडी पुरी पडत नाही. सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच निघावं.

पावसाळ्यासाठी गाडीबरोबर मिळणारं प्लॅस्टिकचं आवरण बाजूंनी हवा खेळू देणारं आहे ना, एवढं पाहायचं आणि पाऊस थांबताच ते काढायचं. कोकण आणि मुंबईत दुसरी अडचण बुरशीची: बैठकीचं कापड काढून धुता येत नसेल तर ऑगस्टपर्यंत त्याला वास येतो. समुद्राजवळच्या हवेत लोखंडी नळ्यांचे रिबिट गंजतात आणि घडी अडकू लागते; तिथे ॲल्युमिनियमचा सांगाडा घ्यावा.

धुराची मात्र मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात प्रशांत कुमार यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवून दिलं की गाडीतल्या बाळाचं नाक जमिनीपासून साधारण ५५ ते ८५ सेंटिमीटरवर असतं, वाहनांचा धूर बाहेर पडतो तोही जमिनीपासून मीटरभराच्या आत, आणि त्यामुळे बाळाच्या श्वासात मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण जाऊ शकतं. उंच बैठकीची गाडी इथे खरोखर उपयोगी पडते. ती भटक्या कुत्र्यांच्या नाकापासूनही बाळाला वर ठेवते. पण त्याहून मोठा उपाय वाट बदलण्याचा आहे. मुख्य रस्त्याला समांतर अशी आतली गल्ली जवळजवळ प्रत्येक वस्तीत असते; दोन मिनिटं जास्त लागतात, पण सिग्नलपाशी बसच्या धुराड्यासमोर उभं राहावं लागत नाही.

सुरक्षिततेचं बरंचसं काम खरेदीच्या वेळीच होतं. पट्टे पाच हवेत: दोन खांद्यांचे, दोन कमरेचे, एक पायांमधला. तीन पट्ट्यांच्या गाडीतून वर्षाचं बाळ उभं राहतं. बिजागऱ्यांवर झाकण आहे का ते पाहावं. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेनच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीची झाकणं द्यावी लागली, कारण घडी उघडताना मुलांच्या बोटांची टोकं त्यात सापडून तुटण्याचे प्रकार घडले होते. गाडी उघडताना-मिटताना मूल हातभर लांब असावं हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावा. युरोपीय मानकाचा, ईएन १८८८ चा, उल्लेख खोक्यावर असेल तर चांगलं. त्यात १५ किलोपर्यंतच्या आणि २२ किलोपर्यंतच्या मुलांसाठी वेगवेगळे भाग आहेत. दांडीला भाजीची पिशवी अडकवू नये. बाळ खाली उतरलं की मागच्या भाराने गाडी उलटते, आणि बाळ आत असतानाही उलटू शकते. पिशवी बैठकीखालच्या टोपलीत, म्हणून ती टोपली किती मोठी आहे हे बाजारहाट करणाऱ्यांनी बघायलाच हवं. आणि थांबलं की ब्रेक, अर्ध्या मिनिटासाठी थांबलं तरी. २००९ मध्ये मेलबर्नच्या ॲशबर्टन स्टेशनावर आईने हात सोडल्याबरोबर गाडी फलाटाच्या न दिसणाऱ्या उतारावरून रुळांवर गेली आणि समोरून रेल्वे आली; बाळ बचावलं ते नशिबाने. आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतोच.

एवढं सगळं पाहिल्यावर काही घरांसाठी उत्तर असंही निघतं की गाडी नको. कोकणात जांभ्या दगडाच्या पाखाडीने घर गाठणाऱ्यांना चाकांचा काय उपयोग? त्यांच्याकडे बाळ कडेवर बसतं, आणि पाय दोन्ही बाजूंना फाकवून बसण्याची ती पद्धत खुब्याच्या सांध्याला मानवते, हे अस्थितज्ज्ञही सांगतात. पुण्यामुंबईतही ज्यांची पन्नास वाईट पावलं खरोखर फार वाईट आहेत, त्यांना कापडी झोळी किंवा कमरेवर भार देणारा कॅरिअर जास्त सोयीचा. बाळाचं तोंड आपल्या छातीकडे, मान मोकळी आणि नाक उघडं, एवढं सांभाळलं की झालं. मूल बारा किलोचं झालं की मात्र पाठ बोलू लागते, आणि आजींना तर ते जमणारच नाही.

परदेशातल्या मराठी घरांत चित्र उलटं असतं. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत बाळंतपणाला गेलेल्या आजी-आजोबांना पहिल्याच आठवड्यात कळतं की इथे गाडी म्हणजे वाहन आहे: वाणसामान, ग्रंथालय, डॉक्टर, सगळं तिच्यावर. तिथे दणकट, सपाट झोपता येणारी, मोठ्या टोपलीची गाडी योग्यच. लंडनच्या बसमध्ये ती मोकळ्या जागेत उभी करता येते. त्या जागेवर पहिला हक्क व्हीलचेअरचा, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यानंतर चालकांनी जागा मोकळी करून घेण्यासाठी नुसती विनंती करून थांबू नये असं ठरलं. म्हणजे झटकन मिटणं तिथेही लागतंच. पण तिकडून परतताना ती बारा-तेरा किलोची गाडी हौसेने इकडे आणू नये. ती त्या वाटांसाठी बनली आहे.

पैशाचं बोलायचं तर माझा सल्ला साधा आहे. छत आणि रंगावर न जाता चाकं, दांडी, पट्टे आणि ब्रेक यांवर खर्च करावा. नात्यातून मिळालेली जुनी गाडी घ्यायला अजिबात संकोच नको, आपल्याकडे पाळणा आणि दुपटी अशीच घरोघरी फिरत आली आहेत. फक्त ब्रेक उतारावर धरतो का, घडीची खिट्टी घट्ट बसते का आणि पट्ट्यांचा शिवणीचा भाग विरला आहे का हे तपासावं. फार मोठा खर्च करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे, लहान मुलाला गाडीत किंवा खुर्चीत सलग एका तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात निदान तीन तास अंग हलवायला मिळावं. चालायला लागलेलं मूल बागेत पोहोचलं की उतरणार, परतीच्या वाटेवर दमून बसणार. त्या वयासाठी दुसरी, साधी छत्रीगाडी पुरते.

दुकानात जाताना दहा किलोची कणकेची पिशवी सोबत न्यावी. वर्षाच्या बाळाचं वजन साधारण तेवढंच. ती बैठकीत ठेवून पट्टे लावावेत आणि गाडी दुकानाच्या फरशीवर नव्हे, तर दारातून बाहेर, रस्त्यावर काढून चालवावी. कडेवर चढवून पाहावी, एका हाताने वळवावी, मग पिशवी काढून काखेत धरावी आणि दुसऱ्या हाताने गाडी मिटायचा प्रयत्न करावा. चांगला दुकानदार याला ना म्हणत नाही. ऑनलाइन मागवली तर हीच परीक्षा परतीची मुदत संपायच्या आत आपल्या जिन्यावर आणि आपल्या गल्लीत घ्यावी, आणि तोवर खोकं फाडू नये.